लहान ते नर, मोठ्या त्या माद्या? समुद्री जीवांच्या प्रजननावर प्रोजेक्ट घेणाऱ्या नागपूरकरांसाठी

ओबेलियाची आकृती, ऑरेलिया या जेलीफिशच्या वाढीचा प्लॅन्युला ते एफायरा हा क्रम, बोनेलिया या समुद्री कृमीच्या मादीच्या शरीरात राहणारा दोन-तीन मिलिमीटरचा नर, हे सगळं बी.एस्सी.ला झालेलंच असतं. मग एम.एस्सी.च्या डिझर्टेशनसाठी कालवांमधला लिंगबदल असला विषय खुणावू लागतो. जरूर घ्या. समुद्र लांब आहे ही अडचण खरी आहे, पण प्रोजेक्ट त्यामुळे बुडत नाही. तो बुडतो पुढच्या खड्ड्यात, आणि त्यात पडलेल्याला व्हायव्हा (तोंडी परीक्षा) येईपर्यंत पत्ता लागत नाही.

समजा, रत्नागिरीच्या खडकांवरून शंभर-दीडशे कालवं आणली, कॅलिपरने मोजली, उघडली, जननग्रंथीचा थेंब स्लाइडवर घेऊन पाहिला. लहान आकाराच्या गटात जवळजवळ सगळे नर, मोठ्या गटात बहुतेक माद्या. ग्राफ इतका देखणा येतो की हात आपोआप लिहितो: ‘प्राणी आधी नर असतो, मग मादी होतो.’ म्हणजे प्रोटँड्री. सिद्धांतही जोडीला तयार असतो. शुक्रपेशी स्वस्त, अंडी महाग, म्हणून लहानपणी नर आणि अंगाने भरल्यावर मादी होणं फायद्याचं, हा जीवशास्त्रज्ञ गिझेलिन यांनी 1969 मध्ये मांडलेला विचार पुस्तकात असतोच.

पण तो ग्राफ हे सांगतच नाही. तुम्ही एकही प्राणी बदलताना पाहिलेला नाही, एकाच दिवशी वेगवेगळे प्राणी पाहिलेत. हाच ग्राफ लिंगबदल न होताही येऊ शकतो. नर कमी जगत असतील, तर मोठ्या आकारात ते उरणारच नाहीत. नर सावकाश वाढत असतील तरी तेच. तिसरी शक्यता सगळ्यांत फसवी: नर लहान आकारातच पक्व होतात आणि माद्या उशिरा. मग लहान मादीची ग्रंथी रिकामी दिसते, तुम्ही तिला ‘अपक्व’ म्हणून तक्त्यातून वगळता आणि लहान गटात फक्त नर उरतात. नराधिक्य निसर्गात नसतं, तुमच्या वगळण्यात असतं. अंडी-शुक्र सोडून मोकळ्या झालेल्या ग्रंथींचंही असंच. म्हणून ‘लिंग ओळखता आलं नाही’ हा रकाना ग्राफमध्ये दाखवा. तो काढून टाकायला सांगणाऱ्याला कारण विचारा, सर असले तरी.

मग पुरावा कशाला म्हणायचं? पहिली पायरी छेदांची, म्हणजे ग्रंथीचे अतिपातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघण्याची. मधल्या आकाराच्या गटात अशी ग्रंथी सापडायला हवी जिच्या फॉलिकलच्या (जननपेशी तयार होणाऱ्या सूक्ष्म पिशवीच्या) भिंतीला कोवळ्या अंडपेशी चिकटल्यात आणि मध्ये उरलेसुरले शुक्र आहेत. तेवढ्यावरही थांबू नका. दोन्ही पेशी एकत्र दिसल्या म्हणजे प्राणी एकाच वेळी उभयलिंगी असू शकतो. दुसरी पायरी म्हणजे तोच प्राणी दोनदा पाहणं. मॅग्नेशियम क्लोराइडचं (सहा रेणू पाण्याचं) 7.5 टक्के द्रावण गोड्या पाण्यात करून ते समुद्राच्या पाण्यात मिसळलं की कालव सैल पडून शिंपला उघडतो. बारीक सुईने ग्रंथीतला थेंब काढा, शिंपल्यावर नंबर टाका, परत सोडा, पुढच्या हंगामात पुन्हा बघा. एका सेमिस्टरमध्ये हे होत नाही आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. निष्कर्षात ‘लिंगबदल होतो’ न लिहिता ‘आकारानुसार लिंगाचं प्रमाण बदलतं, हे प्रोटँड्रीशी सुसंगत आहे’ इतकंच लिहा. परीक्षक त्यावर अडवत नाहीत, अडवतात ते पहिल्या वाक्यावर.

छेदांचा हात मात्र इथेच बसवा. रत्नागिरीचा माल पहिल्या सरावात वाया घालवू नका. नागपूरच्या आसपासच्या गोड्या पाण्यातला लॅमेलिडेन्स शिंपला त्यासाठी उत्तम, मादीच्या कल्ल्यांत ग्लोकिडियम (त्याच्या अळ्या) सापडले तर बोनस. तलावातून काढण्याआधी परवानगी घ्या. मांस शिंपल्यातून सोडवून घ्या, कारण बुइन या ऊती टिकवणाऱ्या (फिक्स करणाऱ्या) द्रावणातलं आम्ल शिंपला खातं. बुइन म्हणजे संपृक्त पिक्रिक आम्ल 75 भाग, फॉर्मॅलिन 25, ग्लेशियल ॲसेटिक 5. तुकडा पाच मिलिमीटरपेक्षा जाड नको, द्रावण त्याच्या दहापट, मुदत 24 तास. मग पिवळेपणा जाईपर्यंत 70 टक्के अल्कोहोल बदलत राहा. पिक्रिक आम्लाची बाटली कधीही कोरडी पडू देऊ नका, कोरडं पिक्रिक स्फोटक असतं.

छेद कापण्यासाठी तुकडा मेणात बसवताना अंड्यांनी भरलेली ग्रंथी तडकते. अल्कोहोल आणि झायलीनमध्ये जास्त वेळ राहिली की हमखास. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मेणाचा ब्लॉक मऊ पडतो, सहा मायक्रॉनचे छेद चुरगळून येतात. 58-60 अंशाला वितळणारं मेण घ्या, ब्लॉक बर्फावर ठेवा, कूलरचा झोत मायक्रोटोमवर (छेद कापायच्या यंत्रावर) येऊ देऊ नका. छेदांची रिबन उडून गेली की रडू येतं, पण हे सगळ्यांचं होतं. आठवड्याभरात हात बसतो.

जिवंत प्रजनन पाहायचं तर आर्टेमिया हा कोळंबीसारखा चिमुकला जीव. तो खरा समुद्री नाही, खारट तळ्यांतला, पण खोलीत वाढतो. लिटरला 25 ते 30 ग्रॅम मीठ, एक ग्रॅम सिस्ट (कवचातली सुप्त अंडी), 28 अंश, सतत हवा आणि उजेड, पीएच आठच्या खाली जात असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. दिवसभरात नॉप्लियस (अळ्या) बाहेर. नळाचं पाणी आधी एक दिवस हवा देऊन क्लोरीनमुक्त करा. दोन-तीन आठवड्यांत नराचे मोठे पकडणारे अँटेना आणि मादीची अंडपिशवी दिसते. परिस्थिती बरी असली तर मादी थेट पिल्लं सोडते, खारटपणा वाढला किंवा ऑक्सिजन घटला की सिस्ट. एकाच मादीची दोन तंत्रं, तीही काचेच्या बरणीत. नुसत्या नोट्स पाठ करणाऱ्यांना हे दिसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा एक गोष्ट बघा: ते स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावतात का. गोड्या पाण्यातल्या माशांवर काम केलेले सरही चालतील, माशाची ग्रंथी वाचणारा डोळा कालवाचीही लवकर शिकतो.

रत्नागिरीला जायचं ते अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या ओहोटीला. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत गेलात तर खालचा खडक उघडाच पडत नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकावर हजर राहा, वेळ रत्नागिरीचीच बघा, मुंबईची नको. पावसाळ्यात खडकांवर उतरू नका. दर आकारगटात निदान पंचवीस नग घ्या आणि ‘मोठी मोठी’ निवडू नका, नाहीतर वरचा खड्डा तुम्हीच खणाल. प्रवाळ आणि समुद्रकाकडीला हात लावायचा नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहेत. फॉर्मॅलिनचा कॅन रेल्वेत नेऊ नका. तिथल्या प्रयोगशाळेशी आधी बोलून फिक्स तिथेच करा, परतताना तुकडे 70 टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मलमलीत गुंडाळून दुहेरी झिपच्या पिशवीत भरा. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते.