डिजनरेट समीकरणांच्या सीमामूल्य समस्या सोडवताना या चुका टाळा

उच्च कोटीच्या आंशिक विकलक समीकरणातील अग्रगुणांक, म्हणजे सर्वोच्च कोटीच्या पदाचा गुणांक, सीमेवर शून्य होऊ लागला, की समीकरण डिजनरेट होते आणि नेहमीच्या सवयी दगा देतात, हे गोव्यातील संशोधक विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला वारंवार दिसते.

सर्वांत चिवट चूक म्हणजे समीकरण चौथ्या कोटीचे आहे, तेव्हा सीमेवर सर्वत्र दोन अटी लागणारच, असे गृहीत धरणे. म्हापशाहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने गुणांक कडेपासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे घटत असतानाही ती कड जखडून टाकली होती, म्हणजे तेथे विस्थापन आणि उतार दोन्ही शून्य धरले होते. संगणकाने आलेख सुबक काढला. मात्र गणनेसाठी क्षेत्राचे तुकडे पाडणारी जाळी जितकी बारीक करावी, तितका कडेलगतचा उतार अधिकच उभा होई, आणि तो प्रोग्रॅममधील दोष समजून हा गृहस्थ कित्येक आठवडे दुरुस्त्या करत बसला. शेवटी मी त्याला एका मितीतील रूप हाताने सोडवायला लावले: ० ते १ या अंतरात (क्ष²य″)″ = १, उजवे टोक जखडलेले. क्ष²(य″)² चे संकलन, म्हणजे वाकण्याची ऊर्जा, सांत हवे, या अटीने लॉग क्ष हे पद बाद होते, डावीकडे य = ० एवढीच अट उरते आणि उत्तर येते य = (क्ष² − क्ष − क्ष लॉग क्ष)/४. याचा उतार शून्यापाशी अनंताकडे जातो. प्रोग्रॅम बरोबर होता, अट चुकीची होती.

गुणांक कडेपासूनच्या अंतराच्या म या घातांकाप्रमाणे घटत असेल, तर म < १ असताना दोन्ही अटी, १ ≤ म < ३ असताना केवळ विस्थापनाची, आणि म ≥ ३ असताना एकही अट लादता येत नाही. पातळ पत्र्याच्या समीकरणातील गुणांक म्हणजे त्याची वाकण्याविरुद्धची दृढता, आणि ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते; त्यामुळे धारेकडे एकसारख्या उताराने निमुळत्या होत शून्य जाडीला पोहोचणाऱ्या पत्र्यात म = ३ येतो, आणि ती धार धरून ठेवण्याची अट लिहिणेच निरर्थक ठरते. घातांक तपासल्याशिवाय मी संगणक उघडत नाही. फोंडा ते पणजी बसमध्ये एवढे गणित सहज उरकते, मग घाई कशाची, हे मला कळत नाही.

डिजनरेट कडेवर अट केव्हा सोडावी हे सांगणारा सोव्हिएत गणितज्ञ केल्डिश यांचा १९५१ चा निष्कर्ष द्वितीय कोटीसाठी आहे, आणि त्यातही अट ठेवायची की सोडायची हे निम्न कोटीच्या पदावर अवलंबून असते. तो जसाच्या तसा चौथ्या कोटीला लावू नये. उत्तराचे महत्तम मूल्य सीमेवरच येते, हे महत्तम तत्त्वही तेथे सर्वसाधारणपणे चालत नाही.

गुणांकात एप्सिलॉन ही लहानशी संख्या मिळवून शून्य झाकणे हा उतावळ्यांचा आवडता आडमार्ग आहे. एप्सिलॉन धन असेपर्यंत दोन्ही अटी टिकतात; तो शून्याकडे नेला, की वरच्या उदाहरणातील उताराची अट कडेलगतच्या अरुंद थरात विरून जाते, आणि एकाच मूल्यावर थांबलेल्याला याचा पत्ताही लागत नाही. मी निदान तीन-चार मूल्ये घेऊन कडेचा उतार पाहतो आणि जाळीची घरे कडेकडे गुणोत्तराने लहान करत नेतो.

अशा अंदाजांत फलनाच्या वर्गाचे भारित संकलन अवकलजाच्या वर्गाच्या भारित संकलनाने बांधण्यासाठी हार्डीची असमानता वापरतात; तिच्यातील स्थिरांक ४/(म − १)² असतो आणि म = १ ला तो अनंत होतो, म्हणून म = १ असताना ती वापरून काढलेला कोणताही अंदाज सरळ खोडून टाकावा.