टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीकडच्या मुलांना संजीवक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तासगावच्या द्राक्षबागांत जीएचं (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचं) डिपिंग, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवणं, बघतच ती मोठी होतात. पण टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवताना, गणित वेगळं आहे. तिथे डोसाइतकंच दोन संजीवकांचं एकमेकांशी प्रमाण बघावं लागतं. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये तंबाखूच्या पेशींवर ते दाखवून दिलं: सायटोकायनिन गटातलं संजीवक वरचढ असेल तर फुटवे येतात, ऑक्सिन गटातलं वरचढ असेल तर मुळ्या.

मी केळीवर काम करते, मुख्यतः जी-नाइन या जातीवर. मुनव्याचा कंद सोलत सोलत शेंड्यापर्यंत यायचं, निर्जंतुक करायचं आणि एमएस माध्यमावर (क्षार आणि पोषकद्रव्यांच्या ठरलेल्या मिश्रणावर) ठेवायचं. त्यात बीएपी हे सायटोकायनिन लिटरला साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम. पुढे मुळ्यांसाठी ते बंद करून आयबीए किंवा एनएए हे ऑक्सिन द्यायचं. बीएपी नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही; आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्या थोड्या थेंबांत विरघळवा, मग पाणी घाला. पीएच 5.8 ला आणा आणि माध्यम घट्ट करणारं आगर त्यानंतरच टाका. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यात, 121 अंशांवर निर्जंतुक करा.

सुरुवातीला मीडिया रूम (माध्यम बनवण्याची खोली) मिळाली तर नाराज होऊ नका. खरी शिकवण तिथेच मिळते, कारण वजनात एका शून्याची चूक झाली की अख्खी बॅच जाते.

बाटली उजेडात धरून बघायची सवय लावा. बुडाशी दुधाळ वलय दिसलं तर जिवाणू, कापसासारखं काही दिसलं तर बुरशी. फुटवे काचेसारखे पारदर्शक, ठिसूळ झाले असतील तर अनेकदा बीएपी जास्त झालेलं असतं. जास्त फुटव्यांच्या मोहापायी डोस वाढवणं आणि सातआठ फेऱ्यांनंतरही त्याच मालावर सबकल्चर (फुटवे वेगळे करून नव्या माध्यमावर लावणं) चालू ठेवणं मला अजिबात मान्य नाही. विकृत रोप शेतकऱ्याला कळतं तेव्हा खत, पाणी, मजुरी सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून मुलाखतीत तुम्हीच विचारा: मातृवृक्षांची विषाणू चाचणी होते का? किती फेऱ्यांवर थांबता?

आणि हार्डनिंगच्या, म्हणजे बाटलीतली रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या, शेडमधलं काम मागून घ्या. बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो, पर्णरंध्रंही नीट मिटत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात रोप बघता बघता मान टाकतं. मुळांवरचं आगर पूर्ण धुऊन काढा, नाहीतर त्यावरच बुरशी धरते. मग कोकोपीटमध्ये लावून दमट हवेत ठेवा आणि नवीन पान फुटेपर्यंत रोप सावलीतून हलवू नका.