भागीदारी फर्म हळूहळू बंद करताय? आलेला पैसा कुणाला आधी द्यायचा त्याचा हिशेब

फर्म बंद करायचं ठरलं की सगळ्यांना वाटतं माल विकू, देणी देऊ, उरलं ते वाटून घेऊ, झालं. पण नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीकडचं एखादं वर्कशॉप एका दिवसात विकलं जात नाही हो. एक लेथ मशीन आज जातं, दुसरं चार महिन्यांनी, निफाड-पिंपळगावचे औजारवाले डीलर म्हणतात द्राक्षाचा सीझन होऊ द्या मग देतो, शेडचं डिपॉझिट मालक शेवटची चावी हातात पडल्याशिवाय सोडत नाही. आणि भागीदारांना घर चालवायचं असतं, त्यामुळे जसा पैसा येईल तसा द्या असंच सगळे म्हणतात. त्यात चूक काही नाही, फक्त कोणत्या क्रमाने द्यायचा ते आधी कागदावर बसवा. बी.कॉम.ला यालाच पीसमील डिस्ट्रिब्युशन म्हणून शिकवतात.

मी नाशकात छोट्या फर्मची अकाउंट्स लिहितो. एका फर्मचं काम माझ्याकडे उशिरा आलं, तोवर त्यांनी आलेला प्रत्येक हप्ता नफ्याच्या प्रमाणात वाटून टाकला होता. शेवटी एकाला जास्त गेलेले निघाले आणि ते त्याने कधीच खर्च केले होते, परत आणणार कुठून. दोन घरं आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

उदाहरणच घेऊ. अंबडला भाड्याच्या शेडमध्ये वर्कशॉप, तीन भागीदार, दादा, भाऊजी आणि मित्र, नफा-तोटा २:२:१. डीड, म्हणजे भागीदारीचा करार, करताना दादाने जास्त पैसा टाकला पण नफा भाऊजींच्या बरोबरीने ठेवला, घरातल्या फर्ममध्ये असं फार दिसतं. बंद करायच्या दिवशी भांडवल दादाचं ८,००,०००, भाऊजींचं ४,००,०००, मित्राचं ३,००,०००. देणी म्हणजे मशीनवर बोजा असलेलं बँक लोन ३,००,०००, माल देणाऱ्या पार्ट्यांचे २,००,००० आणि भाऊजींनी फर्मला वेगळं उसनं दिलेलं १,००,०००. समोर मालमत्तेत मशीन ९,००,०००, माल ४,००,०००, गिऱ्हाइकांकडून येणं असलेली उधारी ६,००,०००, डिपॉझिट १,००,००० आणि बँकेत १,००,०००. दोन्हीकडे २१ लाख. कामगारांचे पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी आधीच चुकती केलीत असं धरू, तुमच्याकडे बाकी असेल तर ती देण्यांत धरा आणि पहिल्यांदा तीच द्या.

एक गोष्ट इथेच तपासा. भांडवलाचा आकडा खरा पाहिजे. रिझर्व्ह, जुना साठलेला नफा किंवा तोटा, भागीदाराचं फर्ममधलं करंट अकाउंट, ड्रॉइंग्ज म्हणजे त्याने स्वतःसाठी उचललेले पैसे, हे सगळं भांडवलात जमा-नावे करून मग शेवटचा बॅलन्स घ्यायचा. टॅली या अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग्जचं लेजर, म्हणजे खातं, वेगळं पडलेलं असतं आणि कुणाचंच लक्ष नसतं, मग पुढचं सगळं गणित चुकीच्या आकड्यावर उभं राहतं.

आता क्रम. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ४८ मध्ये तो दिलाय. आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदाराने फर्मला दिलेलं कर्ज, मग भांडवल, आणि त्यावरही काही उरलं तर ते नफ्याच्या प्रमाणात. तुमच्या डीडमध्ये वेगळं काही ठरलं असेल तर भागीदारांच्या आपसातल्या वाटपाला ते लागू होतं म्हणून डीड आधी काढून वाचा, पण बाहेरच्यांचा हक्क डीडने मागे ढकलता येत नाही. ज्या मशीनवर बँकेचा बोजा आहे त्या मशीनचा पैसा आधी बँकेचा. बाकी पार्ट्यांना पैसा पुरत नसेल तर ओळखीच्याला पूर्ण आणि दुसऱ्याला ठेंगा असं नाही, प्रत्येकाला त्याच्या बाकीच्या प्रमाणात. आणि हो, या सगळ्याच्याही आधी बंद करण्याचा खर्च बाजूला काढून ठेवायचा, म्हणजे शेडचं उरलेल्या महिन्यांचं भाडं, लाइट बिल, वकील, सीए, जाहिरात. आपण ५०,००० धरू.

भागीदारांच्या आपसातलं गणित मात्र नीट समजून घ्या, भांडणं इथेच होतात. तत्त्व एकच आहे, प्रत्येक हप्ता असा वाटायचा की यानंतर एक रुपयाही आला नाही तरी कुणाकडून परत मागायची वेळ येऊ नये. तोटा सोसायचाय २:२:१ मध्ये, पण भांडवल आहे ८:४:३ मध्ये. म्हणजे भाऊजींच्या वाट्याला दादाइतकाच तोटा येणार आणि त्यांचं भांडवल दादाच्या निम्मं. म्हणून आधी दादाचं जास्तीचं भांडवल परत करायचं आणि सगळे एका पातळीवर आले की मग २:२:१ सुरू करायचं.

पातळी काढायला प्रत्येकाचं भांडवल त्याच्या नफ्याच्या भागाने भागा. दादा ८ भागिले २ म्हणजे ४ लाख, भाऊजी ४ भागिले २ म्हणजे २ लाख, मित्र ३ भागिले १ म्हणजे ३ लाख. सगळ्यात कमी भाऊजी, ते आपला पाया. त्या २ लाखाच्या हिशेबाने भांडवल असायला हवं होतं ४, ४ आणि २ लाख, तर दादाचं ४ लाख जास्त आणि मित्राचं १ लाख जास्त. आता या दोघांतच तेच परत करा. दादाचे ४ भागिले २ म्हणजे २, मित्राचा १ भागिले १ म्हणजे १, पाया मित्राचा, त्यानुसार दोघांचे २ आणि १ लाख, म्हणजे दादाचे आणखी २ लाख वर राहिले. तर भागीदारांना द्यायचा पहिला २,००,००० एकट्या दादाला, पुढचे ३,००,००० दादा आणि मित्राला २:१ मध्ये, आणि त्यानंतरचं सगळं तिघांना २:२:१ मध्ये. एवढं एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या, पहिलं मशीन विकायच्या आधी. पैसा समोर आल्यावर हे समजावणं फार अवघड जातं, पैसा नसताना सगळे शांतपणे ऐकतात.

आता हप्ते लावून बघू. बँकेतले १,००,०००, त्यातले ५०,००० खर्चाला ठेवले, ५०,००० पार्ट्यांना दिले, त्यांचे १,५०,००० राहिले. मग काही मशीन ५,००,००० ला गेली (जीएसटी सोडून, त्यावर पुढे बोलतो), त्यातून बँकेचे ३,००,००० फेडले, पार्ट्यांचे १,५०,००० संपवले, उरलेले ५०,००० भाऊजींच्या कर्जात. सीझन झाल्यावर उधारीचे ४,००,००० आले, त्यातून भाऊजींचं कर्ज संपवायला ५०,०००, राहिले ३,५०,०००, त्यातले २,००,००० दादाला आणि उरलेल्या १,५०,००० मधले १,००,००० दादाला, ५०,००० मित्राला. भाऊजींना यावेळी भांडवलापोटी शून्य. नंतर उरलेली मशीन आणि माल मिळून फक्त २,५०,००० आले, भंगाराच्या भावाने गेलं बरंचसं, त्यातले १,५०,००० परत २:१, म्हणजे १,००,००० आणि ५०,०००, आणि पातळी झाली. उरलेला १,००,००० तिघांना ४०, ४० आणि २० हजार. शेवटी डिपॉझिटचे १,००,०००, जुन्या उधारीतले ८०,००० आणि खर्चातले वाचलेले २०,००० असे २,००,०००, ते ८०, ८० आणि ४० हजार.

बेरीज करा. दादाला ५,२०,०००, भाऊजींना १,२०,०००, मित्राला १,६०,०००. न मिळालेलं भांडवल दादाचं २,८०,०००, भाऊजींचं २,८०,०००, मित्राचं १,४०,०००. बरोब्बर २:२:१, एकूण तोटा ७ लाख. हा ताळा जुळला की वाटप बरोबर झालं.

आणि हेच ८,००,००० पहिल्यापासून २:२:१ ने वाटले असते तर? दादाला ३,२०,०००, भाऊजींना ३,२०,०००, मित्राला १,६०,०००. मित्राचा आकडा तोच येतो बघा, म्हणून तो म्हणणार माझं तर बरोबर आहे, तुम्ही का भांडताय. पण दादाचे २ लाख भाऊजींकडे गेले. ते मागायचे कसे, बहिणीच्या घरी जाऊन?

दुसरी पद्धत आहे कमाल तोट्याची. प्रत्येक हप्त्याला धरायचं की यापुढे काहीच येणार नाही. वरचा ३,५०,००० चा हप्ता घ्या, भांडवल १५ लाख, म्हणजे तोटा ११,५०,०००, तो ४,६०,०००, ४,६०,००० आणि २,३०,००० असा वाटला की दादाचे ३,४०,००० राहतात, मित्राचे ७०,००० आणि भाऊजी ६०,००० ने उणे. ते उणे बाकीच्या दोघांनी २:१ ने सोसलं तर दादा ३,००,०००, मित्र ५०,०००, वरचंच उत्तर. पण पुस्तकांत बरेचदा हे उणे इंग्लंडमधल्या गार्नर विरुद्ध मरे या १९०४ च्या खटल्याप्रमाणे भांडवलाच्या प्रमाणात, इथे ८:३ ने, सोसायला सांगतात, मग मधल्या हप्त्याचे आकडे थोडे बदलतात. शेवटी तिघेही पातळीवर आले की एकूण रक्कम सारखीच. माझं मत विचाराल तर घरगुती फर्मला पहिली पद्धत बरी, क्रम एकदाच ठरतो आणि सगळ्यांना आपला नंबर कधी ते आधीच कळतं.

एखाद्या भागीदाराला वस्तूच घ्यायची असेल, समजा दादा म्हणाला मला छोटा लेथ राहू दे, तर तिघांनी किंमत ठरवायची आणि तेवढी रोख आली आणि ती दादाला दिली असं धरायचं. त्या वेळी त्याचा नंबर तेवढा नसेल तर फरक त्याने बँकेत भरायचा. नंतर बघू म्हणून ठेवू नका, ते राहूनच जातं.

नोंदी फार अवघड नाहीत. सगळी मालमत्ता आणि बाहेरची देणी वसुली खात्यात टाका, म्हणजे रिअलायझेशन अकाउंट, रोख-बँक आणि भाऊजींचं कर्ज सोडून. पैसा आला की बँक नावे, वसुली खातं जमा. पार्टीला किंवा बँकेला दिले की वसुली नावे, बँक जमा. भाऊजींचं कर्ज फेडलं की कर्ज खातं नावे, भांडवल दिलं की त्या भागीदाराचं भांडवल नावे. खर्चही वसुलीतच. शेवटी वसुली खात्यात जे उरेल, आपल्याकडे ७ लाख तोटा, ते २:२:१ ने भांडवलात न्यायचं आणि त्याच दिवशी सगळी खाती शून्य झाली पाहिजेत. सगळं चेकने किंवा ट्रान्सफरने करा, रोखीत नको.

जीएसटीचं लक्षात ठेवा. ५,००,००० च्या मशीनवर १८ टक्क्यांनी ९०,००० येतात ते फर्मचे नाहीत, वाटपाच्या तक्त्यात धरूच नका, नाहीतर रिटर्न भरायच्या दिवशी खात्यात पैसा नसतो. जीएसटी नंबर रद्द करायची घाईही नको, माल आणि मशीन जाऊ द्या आधी, कारण रद्द करताना शिल्लक मालावरचं आणि मशीनवरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट, परत भरावं लागतं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न. भागीदाराने वस्तू घेतली असेल तर इन्कम टॅक्सही लागू शकतो, ते सीएला वस्तू द्यायच्या आधी विचारा, दिल्यावर नाही.

फर्म रजिस्टर्ड असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोटीस, राजपत्रात आणि जिल्ह्यात चालणाऱ्या एका मराठी पेपरमध्ये जाहिरात, देशदूत, गावकरी कुठलाही. हा खर्च वाचवू नका, जाहीर नोटीस दिली नाही तर विसर्जनानंतर एका भागीदाराने फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराची जबाबदारी बाकीच्यांवर येऊ शकते.

वह्या, बिलं, टॅलीचा बॅकअप कुणाच्या घरी राहणार तेही शेवटच्या कागदावर लिहा. जीएसटीसाठी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने रेकॉर्ड ठेवावं लागतं, आणि नोटीस आली तर ती जुन्या शेडच्या पत्त्यावर जाते, म्हणून पोर्टलवरचा मोबाईल आणि ईमेल चालू असणाऱ्या भागीदाराचा करून घ्या.