हाय-व्होल्टेज फ्लायबॅक: आउटपुट कपॅसिटर कसा निवडावा, व्होल्टेज स्थिर कसं करावं

फ्लायबॅक म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये ऊर्जा साठवून ती डायोडमधून आउटपुटला सोडणारा पॉवर सप्लाय. त्याचं आउटपुट डळमळलं की पहिला हात मोठ्या कपॅसिटरकडे जातो. ४०० व्होल्टच्या आउटपुटला तसं करू नका. ४०० व्होल्टला चार्ज झालेल्या १० मायक्रोफॅरडमध्ये ०.८ ज्यूल ऊर्जा साठते. तो झटका गमतीचा नसतो.

आधी गणित. स्विच चालू असताना डायोड बंद असतो, तेवढा वेळ लोड एकट्या कपॅसिटरवर चालतो. म्हणून लोडचा करंट गुणिले ड्यूटी सायकल (सायकलमधला स्विच चालू असण्याचा हिस्सा), त्याला फ्रिक्वेन्सी आणि चालणारा रिपल (आउटपुट व्होल्टेजचा चढउतार) यांच्या गुणाकाराने भागा. २० मिलिअँपिअर, ०.५ ड्यूटी, १०० किलोहर्ट्झ आणि १ व्होल्ट रिपल धरला तर उत्तर येतं अवघं ०.१ मायक्रोफॅरड. लोड अचानक बदलतो हे धरून ०.४७ घ्या.

प्रकार? ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म. एक्स७आर प्रकारच्या सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता डीसी व्होल्टेजखाली बरीच घटते, आणि ४५० व्होल्टच्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये मार्जिन फारच कमी राहतं. कपॅसिटरला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. बंद केल्यावर दोनेक सेकंदांत व्होल्टेज उतरतं. तरी हात लावण्यापूर्वी मीटरने बघाच.

आता फीडबॅक, म्हणजे आउटपुट मोजून कंट्रोलरकरवी ड्यूटी ठरवणारा लूप. कोअर दर सायकलला पूर्ण रिकामा होईल, असा डिझाइन ठेवा. तसं नसेल तर ड्यूटी वाढवल्यावर डायोडला मिळणारा वेळ कमी होतो आणि आउटपुट चढण्याआधी क्षणभर खाली जातं. कंट्रोलर ते पाहून ड्यूटी आणखी वाढवतो, आणि झोके सुरू होतात.

दुसरी गोम: जुन्या सर्किटमध्ये इलेक्ट्रोलिटिकच्या जागी फिल्म बसवला की कधीकधी रिंगिंग, म्हणजे आउटपुटचे झोके, सुरू होतं. इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर (अंगभूत सिरीज रेझिस्टन्स) लूपला फेज मिळवून देत होता, म्हणजे झोके आवरत होता, तो गेला. फिल्मचा दोष नाही, कॉम्पेन्सेशन (लूप स्थिर ठेवणारे रेझिस्टर-कपॅसिटर) नव्याने करायला हवं.

शेवटी लोड अर्ध्यावरून पूर्णवर झटकन न्या आणि स्कोपवर बघा. प्रोब १०० पटीचा, म्हणजे व्होल्टेज १०० पट कमी करून स्कोपला देणारा हवा. साध्या १० पटीच्या प्रोबवर भरवसा ठेवण्याआधी त्याचं रेटिंग वाचा. एखादा झोका येऊन रेषा बसली तर ठीक. झोके लांबत असतील तर एरर अँप्लिफायरच्या (हवं ते आणि मिळालेलं व्होल्टेज यांतला फरक वाढवणाऱ्या भागाच्या) कॉम्पेन्सेशनमधला रेझिस्टर निम्मा करा आणि त्याच्या सिरीजमधला कपॅसिटर दुप्पट. प्रतिसाद थोडा मंदावेल, पण रेषा शांत बसेल. हीच चाचणी अगदी हलक्या लोडवरही करा.