युरोपच्या पहिल्या सहलीची आखणी कोणत्या क्रमाने करावी

मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब युरोपला जायचे असेल, तर तयारीला आदल्या दिवाळीपासून लागणे बरे. बहुतेक घरांत आधी विमानाचे स्वस्त तिकीट शोधले जाते, मग हॉटेले ठरतात आणि व्हिसाचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम बदलावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण परत न मिळणारे पैसे आधी भरले आणि व्हिसा नाकारला गेला, तर सहल तर जातेच, शिवाय तिकिटाची रक्कमही बुडते.

सुरुवात घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून करावी. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत एकाच परवान्यावर फिरू देणाऱ्या व्हिसासाठी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने त्याची मुदत शिल्लक असावी लागते आणि त्यात दोन पाने कोरी असावी लागतात. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यामुळे आईवडिलांचे पासपोर्ट चालू असूनही मुलांचा संपलेला आहे, असे पुष्कळदा आढळते. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव लावण्याची पद्धत असल्याने पासपोर्टवर ते कसे छापले आहे, हे पाहून तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज या तिन्ही ठिकाणी अक्षरशः तसेच लिहावे. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि बँकखाते सासरच्या नावाचे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला अर्जासोबत जोडावा. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच जाणार असेल, तर त्याचा जन्मदाखला आणि दुसऱ्या पालकाचे नोटरी केलेले संमतिपत्र आधीच तयार ठेवावे.

हा व्हिसा चालतो त्या शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही या क्षेत्रात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र नाहीत. म्हणून पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा ॲमस्टरडॅमला यायचे असेल, तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल आणि शेंगेन व्हिसाही एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा लागेल. पहिल्या सहलीत लंडन सोडून द्यावे, हे माझे मत. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. रात्री समसमान असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. अमुक देश व्हिसा सहज देतो असे ऐकून तिकडे अर्ज करायचा आणि प्रत्यक्षात राहायचे दुसरीकडे, हा मार्ग धरू नये. त्या देशाच्या अर्जकेंद्रात अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ लवकर मिळत असेल, तर सहलच खरोखर त्या देशाभोवती आखावी.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. उन्हाळ्याच्या तोंडावर अर्जकेंद्रातील भेटीच्या वेळा झपाट्याने भरतात, म्हणून मे महिन्यासाठी जानेवारी किंवा फेब्रुवारीत अर्ज करणे शहाणपणाचे. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ वर्षे पूर्ण केलेल्या आणि १२ वर्षांखालील मुलांना ४५ युरो असते, त्याहून लहान मुलांना ते नसते. अर्जकेंद्राचे सेवाशुल्क निराळे. अर्जासाठी विमानाचे आरक्षण आणि रद्द करता येतील अशी हॉटेले दाखवावीत, पूर्ण पैसे भरून तिकीट काढण्याची घाई करू नये. बँकेच्या उताऱ्यात नियमित पगार किंवा व्यवसायाची जमा दिसावी. अर्जाच्या आधी एकाएकी मोठी रक्कम खात्यात आली, तर शंका घेतली जाते. नोकरदारांनी रजा मंजूर झाल्याचे कार्यालयाचे पत्र जोडावे.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असणे सक्तीचे आहे. आजीआजोबा बरोबर असतील तर एवढ्यावर समाधान मानू नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे आजार पॉलिसीत कितपत समाविष्ट आहेत, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण तिकडच्या रुग्णालयाचा खर्च कुटुंबाची बचत संपवू शकतो.

आता मार्ग. दहा दिवसांत सहा देश पाहण्यात निम्मा वेळ बॅगा भरण्यात जातो. दोन किंवा तीन मुक्काम पुरेत, आणि शक्यतो एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतावे. उदाहरणार्थ, मिलानला उतरून पुढे झुरिच आणि मग पॅरिस असा मार्ग रेल्वेने सुखाचा होतो: मिलान ते झुरिच साधारण सव्वातीन तास आणि झुरिच ते पॅरिस साधारण चार तास लागतात. स्वित्झर्लंडमध्ये स्विस ट्रॅव्हल पास घेतल्यास आईवडिलांबरोबर फिरणारी १६ वर्षांखालील मुले फॅमिली कार्डावर विनाशुल्क प्रवास करतात. या पासावर रिगी पर्वताची सफर पूर्णपणे होते, पण ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख या आल्प्समधील बर्फाळ ठिकाणासाठी केवळ सवलत मिळते. तिथली हवा विरळ असते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि ढग असल्यास वर काहीच दिसत नाही म्हणून सकाळी तिथल्या कॅमेऱ्यांचे थेट चित्रण पाहून मगच तिकीट काढावे. बंदचे वारही आधी पाहावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते. वृद्धांसाठी रेल्वेस्थानकाजवळचे, लिफ्ट असलेले हॉटेल थोडे महाग पडले तरी घ्यावे.

पैशांबाबत, परकीय नोटा एका प्रवासासाठी ३,००० डॉलर इतक्या मूल्यापर्यंत मिळतात. बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेल्या कार्डावर, ठेवावी. स्वित्झर्लंडचे चलन युरो नसून फ्रँक आहे, हे विसरू नये. आपल्या बँकेच्या कार्डावरचे परदेशी व्यवहार ॲपमधून सुरू करावे लागतात. दुकानातील यंत्राने रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारल्यास स्थानिक चलनच निवडावे, नाहीतर दर महाग पडतो. सहल कंपनीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याचा दाखला जपावा.

बॅगेतील खाऊबद्दल मात्र काटेकोर राहावे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटीही नेता येत नाही, कारण ताज्या आंब्यांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. चकली, चिवडा, मेतकूट, थालीपिठाची भाजणी हे बंद पाकिटांत न्यावे. रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवावीत आणि सहलीपेक्षा चार दिवस जास्तीची घ्यावीत. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच चालते.