बोअरच्या पाण्यानं पेंडंट मळकट झालं, त्याची गोष्ट

आजीच्या पुतळ्या मोडून लातूरच्या सराफाकडून पेंडंट घडवून घेतलं होतं, मधोमध माणिक. लग्नसराई झाली की भांड्याच्या साबणानं धुवायचे. तरी धुतल्यावर खडा आणखीच मंद दिसायचा. सासूबाई म्हणाल्या, "टूथपेस्टनं घास की!" घासलं, तर सोन्यावर बारीक रेघा उमटल्या. २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं आणि टूथपेस्ट म्हणजे घासणारी पूडच.

भिंगाखाली पाहिलं तेव्हा कळलं. खड्याच्या मागच्या पोकळीत तेल-कुंकवाचा चिखल, वर पांढरट थर. तोच, जो आमच्या गिझरला आणि नळाच्या तोंडाला बसतो. बोअरच्या पाण्यातले क्षार!

आता कोमट आरओचं पाणी, दोन थेंब साबण, दहा मिनिटं भिजत. मग लहान मुलांचा मऊ ब्रश, तोही मागच्या बाजूनं. शेवटी पुन्हा आरओच्याच पाण्यात बुडवून लगेच जुन्या सुती धोतराच्या फडक्यानं टिपायचं. आपोआप वाळू दिलं की डाग परत. हे सगळं पातेल्यात, बेसिनवर नाही. एकदा कुडीची फिरकी वाहून गेलीय.

कुड्यांच्या मोत्यांना मात्र यातलं काही नाही. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, लिंबू-व्हिनेगरनं विरघळतो. ओलसर फडकं फिरवते, बस्स. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, म्हणून जाऊबाईंची अंगठी मी गरम पाण्याला लावतच नाही.

रेघा सराफानं पॉलिश करून घालवल्या. पॉलिशमध्ये थोडं सोनं जातंच, हे त्यांनीच सांगितलं, तेही पैसे घेतल्यावर.