ठाण्याहून फेझला: एक जुने शहर पायी कसे पाहावे

आफ्रिकेला जायचे म्हटले की ठाण्यातल्या बहुतेक घरांत केनियाच्या जंगलाची किंवा केप टाउनची चर्चा होते. उत्तरेकडील मोरोक्कोचे नाव निघालेच, तरी आठ दिवसांत सहा शहरे दाखवणाऱ्या सहलीत फेझच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. आईला घेऊन मी फेझमध्ये चार रात्री राहिलो आणि त्या अनुभवावरून पहिला सल्ला हाच देईन, की या शहरासाठी किमान तीन पूर्ण दिवस राखून ठेवावेत आणि ते जमत नसेल तर यादीतले दुसरे एखादे शहर खुशाल वगळावे. इसवी सन ७८९ मध्ये वसवायला सुरुवात झालेल्या या शहराच्या तटबंदीतल्या भागात, म्हणजे मेदिनेत, आजही मोटार शिरत नाही. सामान गाढवा-खेचरांवरून आणि हातगाड्यांवरून जाते, माणसे पायी जातात आणि पाहुण्यालाही त्याच चालीने चालावे लागते.

तयारीचा भाग फारसा अवघड नाही. व्हिसाचा अर्ज मोरोक्को सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावा आणि नियम बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी ते पुन्हा वाचावेत. मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथे विमान बदलून कासाब्लांका गाठावे. तेथील विमानतळावरूनच रेल्वे मिळते आणि शहरातील मुख्य स्थानकात गाडी बदलली की साधारण चार तासांत फेझ येते. दिरहम हे चलन भारतात शोधत बसू नये. थोडे युरो बरोबर न्यावेत आणि तेथे पोहोचल्यावर बदलून घ्यावेत. आपल्या मोबाइलच्या चार्जरची दोन गोल पिनांची जोडणी तेथे चालते, तीन पिनांची चालत नाही. मार्च ते मे आणि मध्य सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि जानेवारीच्या रात्री आपल्याला सोसवणार नाहीत इतक्या थंड असतात. पिवळ्या तापाची लस केवळ मोरोक्कोसाठी लागत नाही, परंतु त्याच प्रवासात केनिया किंवा इथिओपियासारखा देश जोडणार असाल, तर ती किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे, अन्यथा भारतात परतल्यावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.

मुक्काम मेदिनेतच करावा. मधोमध चौक असलेली जुनी घरे आता निवासासाठी मिळतात आणि मधल्या चौकाभोवतीच्या खोल्या पाहताना आईला तिच्या माहेरचा वाडा आठवला. मात्र घर निवडताना ते कोणत्या दरवाजापासून किती मिनिटांच्या चालीवर आहे आणि आत किती जिने चढावे लागतात, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे, कारण लिफ्ट बहुधा नसते आणि जिन्याच्या पायऱ्या उंच असतात. यजमानाला दरवाजापाशी घ्यायला बोलवावे. पहिल्या संध्याकाळी सामान ओढत घर शोधण्याचा हट्ट धरू नये.

आता मुख्य प्रश्न वाट सापडण्याचा. मेदिनेत हजारो गल्ल्या आहेत, काही इतक्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरावे लागते, आणि उंच भिंतींमध्ये मोबाइलवरचा नकाशा वारंवार भरकटतो. अशा वेळी उताराचा आधार घ्यावा. पश्चिमेकडील बाब बू जलूद या दरवाजातून दोन मुख्य रस्ते आत जातात, तलआ कबीरा आणि तलआ सगीरा, म्हणजे मोठा चढ आणि छोटा चढ. दोन्ही खाली नदीच्या अंगाला, अल-करवीयीन मशिदीच्या परिसराकडे उतरतात. त्यामुळे चुकल्यासारखे वाटले तर उताराने गेल्यास शहराच्या मध्याकडे आणि मुख्य चढाने गेल्यास दरवाजाकडे आपण येतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सकाळी उतरत पाहत जावे आणि परतताना चढ न चढता खालच्या रसीफ चौकात बाहेर पडून छोटी लाल टॅक्सी करावी, मीटर टाकायला सांगावे आणि पुन्हा बू जलूदला यावे. ही युक्ती आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली आणि त्यानंतरच आईला शहर खऱ्या अर्थाने पाहता आले.

पहिल्या दिवशी मात्र आम्ही फसलो. एका तरुणाने “पुढचा रस्ता बंद आहे” असे अत्यंत आपुलकीने सांगितले आणि आम्ही त्याच्या मागे अर्धा तास चालून एका गालिच्यांच्या दुकानात पोहोचलो. रस्ता बंद असल्याचे कोणी आपणहून सांगू लागले, तर हसून “ला, शुक्रन”, म्हणजे “नको, धन्यवाद”, म्हणावे आणि चालत राहावे. वाट विचारायचीच असेल, तर गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराला विचारावी, कारण तो दुकान सोडून आपल्याबरोबर येऊ शकत नाही. निदान अर्ध्या दिवसासाठी परवानाधारक वाटाड्या घ्यावा, पण खरेदी करायची नाही हे दरासोबतच स्पष्ट ठरवावे. “बालक!”, म्हणजे “बाजूला व्हा!”, अशी हाळी मागून ऐकू आली की लगेच भिंतीला लागावे, मागे ओझ्याचे खेचर असते.

बू जलूदपासून जवळच बू इनानिया मदरसा आहे. मोरोक्कोतील मशिदींत मुस्लिमेतरांना सहसा प्रवेश नसतो, त्यामुळे ज्या थोड्या धार्मिक वास्तू आतून पाहता येतात त्यांत ही पहिली पाहावी. खाली रंगीत फरश्यांचे तुकडे, त्यावर गिलाव्यातले कोरीवकाम आणि सर्वांत वर आपल्या देवदाराच्या कुळातले काळपट लाकूड, असे भिंतीचे तीन थर आहेत. फरशीचा एकेक तुकडा हातोडीने तासून काढलेला असतो, हे भिंतीच्या अगदी जवळ उभे राहिल्याशिवाय पटत नाही. सुलतान अबू इनान याने १३५० ते १३५५ या काळात हा मदरसा बांधला आणि याच सुलतानाच्या आज्ञेवरून इब्न बतूता याने आपला प्रवास फेझमध्ये लेखनिकाला सांगून लिहवून घेतला. दौलताबादला येऊन गेलेल्या आणि मराठ्यांच्या शाकाहाराची नोंद करणाऱ्या त्या प्रवाशाने आपल्या मुलखाविषयी जे सांगितले ते या शहरात कागदावर उतरले, हे मनात ठेवून त्या चौकात थोडा वेळ बसावे.

खाली उतरल्यावर अत्तारीन बाजार लागतो. या नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. पुढे अल-करवीयीन आहे. फातिमा अल-फिहरी या स्त्रीने ८५९ मध्ये ती स्थापली अशी परंपरा आहे आणि जगातील सर्वांत जुन्या, अखंड चालत आलेल्या विद्यापीठांत तिची गणना होते. आत जाता येत नसले, तरी उघड्या दारांतून अंगण दिसते. तेथे नमाजाच्या वेळी गर्दी करू नये.

मशिदीला लागूनच सफ्फारीन चौक, म्हणजे तेथली तांबट आळी. फेझमध्ये एकच जागा निवडायची झाली तर मी हीच निवडीन. एक वृद्ध कारागीर मोठ्या कढईचा काठ लोखंडी खुंटावर फिरवत ठोके घालत होता आणि प्रत्येक ठोक्यागणिक तांब्यावर नखाएवढा चकचकीत ठसा उमटत होता. आई पाऊण तास समोरच्या पायरीवर बसून राहिली. “हे मठारकाम,” ती म्हणाली आणि हाताने तशीच खूण करून दाखवली; त्या गृहस्थाने मान डोलावून हातोडी तिच्या हाती दिली. अशा ठिकाणी छायाचित्र घेण्यापूर्वी अवश्य विचारावे आणि काही छोटी वस्तू घ्यायची असेल तर ती इथे घ्यावी.

शुवारा चर्मालय सकाळी पाहावे. भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून ते दिसते आणि तेथे नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा यांच्या पाण्यात कातडी केस निघून मऊ होतात आणि मग रंगाच्या हौदांत जातात. कंबरभर पाण्यात उभे राहून माणसे हे काम करतात, तेव्हा गच्चीवरून वासाबद्दल तोंडे वेडीवाकडी करू नयेत. खरेदीची सक्ती नसते. काही घेतले नाही, तर थोडे दिरहम द्यावेत.

शाकाहाऱ्यांनी “ब्ला लहम”, म्हणजे मांसाशिवाय, हे शब्द पाठ करावेत आणि भाज्यांचे ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ, मांसाच्या रश्शात शिजवलेले नाही ना, हेही विचारावे. बाकल्याच्या सुक्या दाण्यांचे बिसारा हे दाट सार, वर ऑलिव्हचे तेल आणि जिरेपूड, हा सकाळचा उत्तम आहार आहे. वांग्या-टोमॅटोचे झालूक आपल्या भरिताच्या जवळचे आणि मस्मन घडीच्या पोळीच्या जवळची. बिल मागताना “हिसाब” म्हटले तरी समजते. अनेक घरांची भाकरी अजून गल्लीतल्या सामाईक भट्टीत भाजली जाते. फडक्याखाली पीठ घेऊन जाणारे मूल दिसले, तर अंतर राखून त्याच्या मागे जावे, भट्टी सापडते.

शुक्रवारी दुपारी बाजार बराचसा बंद असतो, म्हणून तो दिवस तटाबाहेरच्या भागासाठी ठेवावा: १२७६ मध्ये वसवलेले ‘नवे’ फेझ, तेथील एकेकाळची ज्यू वस्ती मल्लाह आणि संध्याकाळी उत्तरेच्या टेकडीवरील मरीनी राजघराण्याची थडगी. तेथे टॅक्सीने जावे आणि तीच थांबवून ठेवावी, कारण अंधार पडल्यावर ती वाट निर्जन होते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे. खाली दिवे लागू लागतात आणि एका मिनारावरून सुरू झालेली अजान हळूहळू दुसऱ्या, तिसऱ्या, असंख्य मिनारांवरून उठत साऱ्या खोऱ्यात भरते.